दोन लाल वायरी

कडुबानं आराखडा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढला होता आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव टाकलं होतं. वाळूजच्या माळावर नानासाहेबांचा वॉशर बनवायचा कारखाना उभा राहत होता, आणि तिथल्या तीन फेजच्या विजेची वाटणी त्याच्या हातात होती. चार मशिनं, भिंतीतला बैलगाडीच्या चाकाएवढा एक्झॉस्ट पंखा, ऑफिस, दिवे. कुठल्या फेजवर किती भार टाकायचा, हे तो पुस्तकं वाचून आणि बोटं पोळवून शिकलेला. कॉलेजची पायरी चढला नव्हता, आणि चढलेल्यांना हे दिवसातून दोनदा ऐकवायचा. हे काम नीट झालं तर शेजारच्या तीन प्लॉटांचे आराखडेही त्यालाच मिळणार होते. फुलंब्रीत त्याला अजून सगळे वायरमन म्हणत. त्याला इंजिनिअर व्हायचं होतं.

आराखडा चोख होता. घोळ केला रंगांनी.

तीन फेजचे तीन रंग असतात. लाल, पिवळा आणि निळा. त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतरावरून अख्खा मराठवाडा पेटलेला, आणि नानासाहेब विरोधाच्या मोर्चात पहिल्या रांगेत. कडुबानं निळ्या वायरीचं बंडल सोडलं आणि त्याला त्यात नामांतरवाल्यांचा निळा झेंडाच दिसला. नानासाहेब काही बोलले नव्हते. त्यांनी ते बंडल पाहिलंसुद्धा नव्हतं. पण कुणी न सांगता घाबरायचं कसब कडुबाकडं होतं. टपरीवर टेबल आपटून “करंटाला जात नसती!” म्हणणारा हा वाघ दोन दिवस उकिडवा बसून निळ्या वायरीच्या टोकांना लाल टेप गुंडाळत राहिला. बाकीची वायर पाइपात, ती कोण बघतंय? कॅलेंडरवरची निळी रेघही त्यानं लाल पेनानं गिरवली.

लेथवरच्या सांडू मिस्त्रीनं ते बरोबर हेरलं. सांडू नामांतराच्या सत्याग्रहात पंधरा दिवस हर्सूलच्या जेलात बसून आलेला.

“कडूशेठ, दोन-दोन लाल? ह्यातली असली कंची?”

“माझ्या बापानं दोनशे मेंढरं नुस्त्या तोंडावरून वळखली, सांडूभाऊ. मला दोन वायरी वळखू येणार नाय व्हय?”

“मेंढराला तोंड असतं,” सांडू म्हणाला आणि लेथकडं वळला.

विजेची जोडणी नेमकी उद्घाटनाच्या सकाळी मिळाली. चाचणीला वेळच नव्हता. दारात तोरण, टेबलावर पेढ्यांचं ताट, खुर्च्यांवर फेटेवाले पाहुणे, आणि पहिल्या रांगेत शेजारच्या तिन्ही प्लॉटांचे मालक. फुलंब्रीहून कडुबाचे वडील आप्पा आले होते. ते फ्रेम करून टांगलेल्या आराखड्याखाली काठी टेकून उभे राहिले, जणू मुलाचा सत्कारच चाललाय.

नानासाहेबांच्या आई मनकर्णाबाईंनी नारळ फोडला आणि बटण दाबलं.

पंखा सुरू झाला. मोठ्या जोमात सुरू झाला. फक्त उलटा. आतली हवा बाहेर टाकायची, तर तो बाहेरची आत ओढायला लागला. बाहेर भिंतीलगत बांधकामातला उरलेला चुना पडला होता. तो सगळा एका दमात आत आला.

“अगं बाई, हे काय वादळ!” मनकर्णाबाई ओरडल्या.

“बंद कर! बंद कर रं!” नानासाहेब पेढ्यांवर उपरणं धरत किंचाळले.

कडुबानं बटण बंद केलं. दोन वायरींची अदलाबदल केली की तीन फेजचा पंखा दिशा बदलतो, हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. तो पॅनेलकडं धावला, दोन वायरी सोडल्या, पुन्हा बसवल्या आणि मागं सरून पाहिलं. लालच्या जागी लालच. बदलल्या की नाही, हेच कळेना! खात्रीसाठी त्यानं पंख्याच्या टोकालाही दोन लाल वायरींची अदलाबदल केली.

“आता बघा, साहेब. एकदम सरळ.”

एक बदल दुसऱ्यानं खाल्ला होता. पंखा पुन्हा उलटाच फिरला आणि उरलेला चुनाही आत आला. पाहुण्यांत कोण कुठल्या गावचा, कुठल्या घरचा, काही ओळखू येईना. फेटे, मिशा, पेढे, सगळं एका रंगाचं झालं. तिन्ही प्लॉटांचे मालक रुमाल झटकत दाराकडं निघाले.

सांडूनं मेन स्विच पाडला आणि पॅनेलपुढं बसला. “आधी ह्या टेपा काढू. कोण कोण हाय ते तरी कळू द्या.”

“नको, सांडूभाऊ,” कडुबा हळूच म्हणाला.

पण सांडूनं टेप ओढली. खालून निळी वायर निघाली. कडुबानं डोळे मिटले.

“ही निळी कशापायी झाकली?” नानासाहेबांनी विचारलं.

“तुम्हाला... म्हणजे... तुम्ही मोर्चात...”

“अरं येड्या, आमचं भांडण विद्यापीठाच्या पाटीशी हाय! वायरीशी काय वैर? मी कवा म्हणलो निळी नको?”

ते खरंच कधी म्हणाले नव्हते.

“वायरीपस्तोर आलात,” सांडू स्क्रू पिळत म्हणाला. “पाटीपस्तोरबी याल.”

नानासाहेबांनी मिशीतला चुना झाडायला सुरुवात केली. त्यांना अचानक ते फार महत्त्वाचं काम वाटलं.

आप्पा काठी टेकत जवळ आले. मेंढरांची फुशारकी सांडूनं त्यांना सकाळीच ऐकवली होती. “आन् कडू, दोनशे मेंढरं तोंडावरून कोण वळखतं रं? मी परत्येकाच्या कानाला खूण करत हुतो.”

सांडूनं पंख्याच्या टोकाचीही टेप काढून तिथं लाल आणि निळी वायर बदलली. एकदाच, आणि सगळ्यांना दिसेल अशी. पंखा सरळ फिरला. हवा बाहेर गेली, आणि तिन्ही प्लॉटांचे मालकही.

सामान आवरताना सांडूनं सोललेल्या टेपचा लाल गोळा कडुबापुढं धरला. “घ्या, इंजिनिअर साहेब. पुढच्या कामाला लागंल.”

कडुबा संतापला. हा गोळा त्याच्या तोंडावर फेकावा, असं त्याला वाटलं. मग त्यानं आजूबाजूला पाहिलं, कुणाचं लक्ष नाही याची खात्री केली आणि गोळा खिशात घातला.