लाल शिंगांची जोडी

इतवारीच्या गोठ्यासमोर तपासणीचे साहेब कागद धरून उभे होते. ते कधी कागदाकडे पाहत, कधी बैलांकडे. आपले बैल कागदात कसे दिसत असतील, याचं इतवारीलाही कुतूहल होतं.

"लाल शिंगे," साहेबांनी वाचलं. "पाठीवर निळे पंजे. कुठे आहेत?"

"साहेब, ते पोळ्याचं होतं. आता माघ चालू आहे."

"कागदात पोळा लिहिलेला नाही."

झालं होतं असं, की त्र्याऐंशी सालच्या ऐन पोळ्याला बैलांची नोंद करायला शहरातून एक नवा बाबू आला होता. कानात ठोकायचे बिल्ले संपले होते, म्हणून त्याने जे दिसलं ते खुणांच्या रकान्यात लिहिलं. खुणा जुळल्या, तर जोडीची अर्धी किंमत सरकार देणार होतं. नाही जुळल्या, तर उधारीवर जोडी देणारा व्यापारी ती परत नेणार होता. इतवारी जन्मभर दुसऱ्याच्या बैलांमागे चालला होता. ही घरची पहिली जोडी.

पलीकडच्या गावाहून चारला परत येतो, तोवर कागदातले बैल हजर करा, असं सांगून साहेब गेले. इतवारी ओट्यावर टेकला.

"बसून काऊन राह्यले जी?" त्याची बायको अंजनाबाई म्हणाली. "साहेबाले लाल शिंगं पाहिजे ना? लाल करून देऊ."

शेजारच्या सुकलूने बंडीच्या चाकांना लावून उरलेला लाल रंग दिला. कपड्यांची नीळ घरात होतीच. अंजनाबाईने तिच्यात हात बुडवून पाठींवर पंजे उमटवले. पण शिंगं रंगताच हिऱ्या आणि कोश्या जागचे हलेनात. रंगानंतर पुरणपोळी येते, एवढं त्यांना ठाऊक होतं. अंजनाबाईने डाळ शिजत घातली. पुरणाचा वास गल्लीत गेला, तसा सुकलू विचारत आला, की माझ्या बैलांनी काय पाप केलं? रंगही त्याचाच होता. मग तिसरा आला, चौथा आला. कोणीतरी तोरणही बांधलं.

चारला साहेब परतले, तेव्हा तोरणाखाली बावीस बैल उभे होते. सगळ्यांची शिंगं लाल, सगळ्यांच्या पाठीवर निळे पंजे.

"यातले अनुदानाचे कोणते?" साहेबांनी हळू आवाजात विचारलं.

इतवारीने बोट दाखवलं. बोटाचा पुरावा चालत नाही, असं साहेब म्हणाले. इतवारीचा चेहरा उतरला.

तेवढ्यात अंजनाबाई परात घेऊन दारात आली. "हिऱ्या, कोश्या, या रे बापा."

बावीसांतले दोन वळले आणि माणसांना बाजूला सारत तिच्यापाशी गेले. बाकीचे वीस तसेच उभे राहिले. साहेबांना मोठं नवल वाटलं. त्यांनी जोडी मागे नेऊन पुन्हा हाक मारायला लावली. तिसऱ्यांदा तर नुसतीच गंमत बघायला. मग एक पोळी खाऊन त्यांनी सही केली, जुन्या खुणा खोडल्या आणि कायमची खूण लिहिली: "नावे हिऱ्या व कोश्या. हाक मारल्यावर येतात."

पुढच्या माघात फेरतपासणीला दुसरे साहेब आले. कागद वाचून ते थेट बांधावर गेले आणि दुपारपर्यंत हाका मारत राहिले. हिऱ्या-कोश्यांनी मानही वर केली नाही. अंजनाबाई मार्कंड्याच्या जत्रेला गेली होती, आणि हाक कोणी मारायची, हे कागदात लिहिलेलं नव्हतं.