गारांचे दिवशीं रानांत राजमहाल उभारिला त्याची हकीकत

श्रीगजाननाचे पायीं मस्तक ठेवून, आणि लेखकाचें मस्तक लवतें यांत लेखकास कांहीं कमीपणा वाटत नाहीं हें आरंभींच सांगून, लिहितों. शके सोळाशें अमुक, चैत्र मास, वद्य पक्ष. संवत्सराचें नांव विसरलों, गारा विसरलों नाहीं. राज्याचें नांव मुद्दाम लिहीत नाहीं. ज्यास आपलें वाटेल त्यानें आपलें म्हणावें.

ते राज्यीं महाराजांचें मस्तक कोणाहीपुढें लवूं नये ऐसा दंडक होता. त्याचें कारण ऐसें कीं, महाराजांचे आजे एकदां घाईनें देवडींत शिरतां चौकटीवर कपाळ आपटोन घेते जाहले, आणि दोष चौकटीचा ठरला, आणि चौकटीवर राजद्रोहाचा आरोप ठेवोन तिची होळी केली, आणि मग राज्यांतील समस्त दारें हत्ती जाईल ऐशीं उंच करविलीं. तेव्हांपासून हिंवाळ्यांत घरोघर वारा शिरे आणि रयत खोकत बसे, परंतु राजमस्तक ताठ राहिलें.

ऐशास महाराज दीड महिन्याचे बाळराजांस घेऊन कुलस्वामिनीचे दर्शनास निघाले. संगें राणीसाहेब भिवराबाई, दाई कोंडाई, प्रधान रुद्राजीपंत, वास्तुशास्त्री नागेशभट आणि मुजरा करण्यापुरतें लष्कर. वाटेंत डेऱ्यांचे कारभारी आणि मुदपाकखान्याचे कारभारी यांत पुढें कोणीं चालावें यावरून तंटा लागला, आणि दोघेही रुसोन दोन निराळ्या घाटांनीं गेले, आणि महाराज मधल्या रानांत डेऱ्यांवांचोन व जेवणावांचोन उभे राहिले. मग तिसरे प्रहरीं आभाळ काळें जाहलें, गार वारा सुटला, आणि बाळराजांचे ओंठ निळे पडूं लागले.

राणीसाहेब डोंगरांतल्या किल्लेदाराची लेक. जिभेस धार आणि कासोटा घट्ट. त्या बोलल्या, "महाराज, गारा येणार. लेकरूं भिजलें तर उद्यांची सकाळ पाहायचें नाहीं. लहानसें खोपट करूं. दोन माणसें दाटीनें मावतील एवढेंच, म्हणजे आंगची ऊब आंत राहील."

प्रधान पुढें होऊन म्हणाले, "खोपट? महाराजांनीं खोपटांत शिरावें? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? इथें माकडें आहेत, पंत."

"माकडें जाहलीं तरी रयतच," ऐसें प्रधानांनीं उत्तर केलें, आणि महाराजांस तें फार पटलें.

मग भर वाऱ्यांत सभा भरली आणि राजमहाल बांधावा ऐसें ठरलें. महाराजांचे वर कांहीं असूं नये म्हणोन जागा उघड्या माळाची धरिली. महाराजांनीं पूर्वाभिमुख बसावें म्हणोन दार पूर्वेस ठेविलें, आणि वाराही पूर्वेचाच होता. दाराची उंची नऊ हात, तुऱ्यासाठीं आणखी एक. मग नागेशभटांनीं सांगितलें कीं पायथ्यापासून आरंभ करणें हें हलक्या लोकांचें काम, राजाचें छप्पर शिखरापासून शाकारावें. म्हणोन जांभळीचे डहाळे वरून खालीं बांधीत आणिले, आणि खालचे डहाळे वरच्यांवर चढले, म्हणजे पाणी बाहेर न टाकितां आंत घेण्याची उत्तम सोय जाहली. धन्य ते शास्त्री, आणि धन्य ते दरबारी ज्यांनीं "वाहवा" म्हटलें!

इकडे राणीसाहेबांनीं पदर खोंविला. एक ऐनाचें झाड उन्मळोन आडवें पडलें होतें, त्याचे आडोशास एक लांब वासा तिरपा टेंकविला, एक टोंक खोडावर आणि एक भुईवर, आणि दोहों अंगांस कारवीच्या काठ्या लावोन त्या पळसाच्या मुळ्यांच्या सालीनें आंवळिल्या. मग खालून वर गवताच्या पेंढ्या रचिल्या, त्यांवर वाळक्या पाल्याचा ढीग, आणि पाला उडूं नये म्हणोन वर फांद्या. आंत भुईवर गुडघाभर पाला पसरिला. तोंड वाऱ्याचे उलट बाजूस, रांगत जावें एवढेंच. तें तोंड बुजवावयास गवताचा एक भारा बाजूस ठेविला.

तों प्रधान आले आणि तो भारा उचलूं लागले. राणीसाहेब म्हणाल्या, "पंत, तें माझें दार आहे."

"महाराजांचे गादीखालीं घालावयास पाहिजे. महाराज बसल्यावांचोन दरबार सुरू कसा व्हावा?" ऐसें बोलोन प्रधान दार काखेंत मारून निघोन गेले.

इतक्यांत गारा आल्या, सुपारीएवढ्या. राणीसाहेब बाळास व कोंडाईस घेऊन खोपटांत रांगल्या. वारा नऊ हात दारानें कोणास न विचारतां दरबारांत शिरला, आणि छप्पर उचलोन घेऊन गेला, आणि खांब शास्त्रीबोवांचे अंगावर पडले, आणि महाराज गादीसुद्धां भिजले. मग वाऱ्यानें अंग फिरविलें आणि तो थेट खोपटाचे उघड्या तोंडांत घुसूं लागला. राणीसाहेब तोंडास पाठ देऊन बसल्या, तरी पुरेना. कोंडाई म्हणाली, "बाईसाहेब, बाळ रडायचं थांबलं हो."

तेच समयीं महाराज धांवत आले आणि खोपटाचे तोंडाशीं थबकले. आंत जावें तर मस्तक लवतें. मग गारांचा मारा खात सभा भरली. प्रधान म्हणाले, खोपटाचें तोंड फोडोन उंच करावें. आंतून राणीसाहेब ओरडल्या, "एका काडीला हात लावाल तर हात तोडीन!" तेव्हां नागेशभटांनीं कपाळाचें टेंगूळ चोळीत तोड काढिली कीं, महाराजांनीं पालथें होऊन आधीं पाय घालावे आणि मागें सरकावें, मस्तक बाहेर राहतें, सबब तें कोणापुढें लवलें ऐसें होत नाहीं.

मग महाराज उलटे शिरले. पाय गेले, मांड्या गेल्या, आणि राजउदर खोपटाचे तोंडांत घट्ट बसलें. पुढें जाईना, मागें येईना. आणि आंतला वारा बंद जाहला.

"राणीसाहेब, आमचे तोंडावर गारा लागतात!"

"लागूं द्या. हालाल तर याद राखा."

मग घटकाभर आंतून बाळाचा आवाज येईना. मग आंत बाळराजे रडले. लेखक बाहेर भिजत उभा होता, आणि त्याहून गोड आवाज त्यानें जन्मांत ऐकिला नाहीं. त्यास रडूं आलें. मग, कोंडाईनें मागाहून सांगितलें तें ऐसें, पोराचे हातास महाराजांचे पायाचा आंगठा लागला आणि तो मुठींत धरोन तें निजलें. महाराजांनीं तोंड उघडिलें होतें तें मिटलें, आणि गारा थांबेपर्यंत त्यांनीं अंग हालविलें नाहीं.

राजधानीस परतल्यावर दरबारच्या भाटानें पोवाडा केला कीं महाराजांनीं देहाचें कवाड करोन वादळ अडविलें. दरबार म्हणाला, थोर कवन. प्रधानांनीं त्यास कडें दिलें. राणीसाहेब मात्र पडद्याआड मोठ्यानें हंसल्या, कारण भाटाचे साऱ्या आयुष्यांत तेवढी एकच ओळ खरी निघाली होती आणि ती त्यासच ठाऊक नव्हती. पुढें मानकऱ्यांत उलट्या पायीं घरांत शिरण्याची चाल पडली, आणि कित्येकजण आपल्याच उंबऱ्यावर आपटले, आणि त्याचाही मोठेपणा मिरवूं लागले.

एवंच, महाराजांनीं पुष्कळ वर्षें राज्य केलें, दारें उंच ठेविलीं, मस्तक ताठ ठेविलें. त्यांत ते कोणाचे उपयोगी पडले ते एकच सांज, गवताचे भाऱ्याचे बदलीं. हकीकत पुरी जाहली.