प्रेमिला सापडली!

ओल्या लाकडाखालचे किडे दरेकसा स्टेशनावर माझ्याइतके कोणी ओळखत नसे, हे मी छातीठोक सांगतो! (दुसरं कोणी ओळखायला जातच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.) सन त्रेपन्नमध्ये मी तिथे तिकीटबाबू होतो. एक गाडी गेली की दुसरी येईपर्यंत जंगल आणि मी! रुळांखालून काढलेल्या जुन्या लाकडी स्लीपरांच्या ढिगाशी पालथा पडून ते राखाडी, चौदा पायांचे जीव मी भिंगातून पाहत राही. शेपटीखाली पांढरे ठिपके किती, मिशीच्या टोकाला पेरं दोन की तीन, यावरून त्यांची जात ठरते. पाहता पाहता मी त्यांच्याएवढाच होई, शेवाळाच्या हिरव्या रानात हिंडू लागे, आणि सोबत असे प्रेमिला!

प्रेमिला म्हणजे पुढच्याच स्टेशनाच्या, सालेकशाच्या रामलालजींची मुलगी. मी मागणी घातली होती. "विचार करून सांगतो," म्हणाले होते. तेव्हापासून माझा जीव टांगणीला! ती मिळाली नाही तर जगायचं कशाला, असंच मला वाटे.

एका दुपारी कुठल्याच जातीत न बसणारी एक मादी सापडली. नवी जात! अशी कधी मिळाली तर तिला प्रेमिलाचंच नाव द्यायचं, हे माझा मित्र टेकचंद याला ठाऊक होतं. तो नागपूरला प्राणिशास्त्र शिकत होता, आणि नेमका त्याच वेळी आलेल्या पॅसेंजरच्या खिडकीत बसला होता! गाडी सुटली. मी बाजूने धावलो.

"टेकचंद! प्रेमिला सापडली! स्लीपरांच्या ढिगामागे!"

"एकटीच?"

"पोटाशी पिल्लं आहेत!"

शेजारच्या खिडकीतून फेटा बांधलेलं एक डोकं बाहेर आलं. रामलालजी!

"कोन सापडली?" एवढंच ऐकू आलं आणि गाडी वळणाआड गेली.

संध्याकाळच्या गाडीने ते परत आले. हातात काठी, मागे प्रेमिला.

"पोरगी तं घरी तांदूळ निवडून रायली होती! तू काऊन बोंबलला गा?"

मी खिशातली काड्यापेटी उघडली. "किडा आहे हो! प्रेमाने तिचं नाव दिलं!"

"किडा?" रामलालजी काठी टाकून बाकावर बसले आणि पोट धरून हसले. "हात् लेका! मी तं तुले 'नाही' म्हनाले आलो होतो. घे, देल्ली पोरगी!"

मी तरंगतच होतो. प्रेमिला भिंगातून बराच वेळ पाहत राहिली.

"साजरी आहे," ती म्हणाली. "अन् या पिल्लायचा बाप कुठी आहे?"

शास्त्राच्या नादात मी खरं बोलून गेलो. "तो? तो केव्हाच निघून जातो. या जातीत तसंच असतं!"

रामलालजींनी काठी पुन्हा उचलली.

लग्न झालं. पण अट एकच होती, मी सालेकशाला बदली मागून घ्यायची, त्यांच्या डोळ्यांसमोर! आता सालेकशाच्या स्टेशनात औषधालाही ओलं लाकूड सापडत नाही. सासरे स्वतः येऊन उन्हात वाळवतात!