कमरेचा संकल्प

कमरेवर हात ठेवून सीतालक्ष्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, की जनकोजीराव समजून जात, आता काहीतरी ऐकून घ्यावं लागणार. त्या सकाळी मात्र तिनं काही ऐकवलं नाही. जनकोजीराव बाकाखालची चप्पल काढायला वाकले होते ते तसेच राहिले होते, आणि अशा स्थितीतल्या माणसाला बोलणं तिच्या जिवावर आलं.

"धरली का पुन्हा?" तिनं विचारलं.

"नाही, चप्पल बघतोय," जनकोजीराव जमिनीकडे तोंड करून म्हणाले.

ही कंबर जुनी होती. पहिल्यांदा ती ट्राममधून उतरताना धरली. पुढे मद्रासची ट्राम बंद पडली, पण कमरेचं येणंजाणं चालू राहिलं. दोन दिवस तेल, चार दिवस शेक, मग बरं वाटायचं, की हे महाशय मैलापूरहून बसनं विमा कंपनीत जाऊन पुन्हा दिवसभर टेबलावर पोक काढून बसायला मोकळे. आजवर कुणी त्याची चिंता केली नव्हती. पण आता आवणी महिन्यात, म्हणजे आपल्या श्रावणाच्या सुमारास, मुलीचं, सरोजाचं लग्न ठरलं होतं. व्याही तांबरमचे, मंडळी चांगली, आणि या घराण्यातली चाल अशी, की मंगळसूत्र बांधताना मुलगी बापाच्या मांडीवर बसते. तंजावर सोडून मद्रासला आले तरी ही चाल कुणी सोडली नव्हती. बापाला जमलं नाही तर काकाच्या मांडीवर. काका म्हणजे जनकोजीरावांचा धाकटा भाऊ तुकोजी. त्याची मांडी ऐसपैस होती आणि जीभही. एकदा मुलगी मांडीवर घेतली, की तो जन्मभर ते ऐकवणार यात शंका नव्हती.

"सरोजाला मीच घेऊन बसणार," जनकोजीरावांनी अंथरुणावरून जाहीर केलं आणि कूस बदलताना कळवळले.

शेवटी सीतालक्ष्मी त्यांना इस्पितळात घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासून हाडं ठीक असल्याचं सांगितलं आणि मागच्या खोलीत मीनाक्षीअम्मांकडे पाठवलं. फिजिओथेरपी हा शब्द नवरा-बायकोनं तिथं प्रथमच ऐकला. मीनाक्षीअम्मांकडे ना बाटली होती, ना मलम. त्यांनी जनकोजीरावांना आडवं केलं, पाय उचलून पाहिले, पोट दाबून पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, की बसून बसून पोटापाठीचे स्नायू ढिले पडलेत, म्हणून कंबर पुन्हा पुन्हा धरते. ते घट्ट होईपर्यंत रोज व्यायाम करायचा. चटईवर उताणं पडून गुडघे दुमडायचे, कंबर जमिनीला टेकवायची, मग एकेक गुडघा पोटाशी आणायचा. ओझं उचलताना पाठीतून वाकायचं नाही, गुडघ्यातून बसायचं. सीतालक्ष्मीनं सगळं मन लावून पाहिलं. जनकोजीरावांनी छताकडे पाहिलं.

घरी एकदा त्यांनी व्यायाम केला. दुसऱ्या दिवशी ऑफिसची घाई होती, तिसऱ्या दिवशी एकादशी, चौथ्या दिवशी जरा बरंच वाटत होतं.

आता जनकोजीरावांचाही फार दोष नाही. त्यांच्या आयुष्यातली कष्टाची कामं आजवर दुसऱ्यांनीच केली होती. साडेसाती लागली तेव्हा त्यांच्या नावानं शनीचा जप शास्त्रीबुवांनी केला. बढती अडली तेव्हा कपालीश्वराला प्रदक्षिणा सीतालक्ष्मीनं घातल्या. त्यांच्या खोकल्यासाठी शुक्रवारचे उपास तिनंच धरले. आणि साडेसाती सरली, बढती मिळाली, खोकलाही गेला. तेव्हा एका सकाळी ती चटई गुंडाळता गुंडाळता थांबली आणि म्हणाली, "मी करू का हो, तुमच्या नावानं?" तेव्हा त्यांना त्यात वावगं काहीच दिसलं नाही.

"चालेल का?" त्यांनी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"शनीला चाललं की."

झालं. दुपारची जेवणं आटोपली, की सीतालक्ष्मी दिवाणखान्यात चटई टाकी, उत्तरेला डोकं येऊ नये म्हणून पूर्वेला उशी ठेवी, हातात पाणी घेऊन नवऱ्याचं गोत्र, नक्षत्र आणि नाव उच्चारी, कटिशूल निवारणार्थ म्हणून पाणी सोडी, आणि मग गुडघे पोटाशी घेई. एक दिवस शेजारच्या विशालाक्षी मामी विरजण मागायला आल्या. त्यांनी हे दृश्य पाहिलं आणि सीतालक्ष्मीला फीट आली असं समजून तिच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारलं. खुलासा झाल्यावर मामींनी पदरानं तिचं तोंड पुसलं. मग त्यांनी विचारलं, की आमच्या यांच्या दम्याला हे लागू पडेल का.

मामींनी सुरू केल्यावर कोपऱ्यावरच्या राजसबाई मुलाच्या परीक्षेसाठी येऊ लागल्या, त्यांच्या मागून त्यांची सून आली. एक दिवस जनकोजीरावांची कंबर ऑफिसातच धरली. चंद्रमौळी नावाच्या सहकाऱ्यानं त्यांना रिक्षात घालून भर दुपारी घरी आणून सोडलं. दार ढकलून पाहतात तो चटयांची रांग, आणि बायकांचे हसण्याचे आवाज. ते तसेच मागे फिरले आणि बाहेरच्या ओट्यावर वाकडे उभे राहिले. आत त्यांच्याच कमरेचं काम चाललं होतं, त्यामुळे तक्रार करायलाही तोंड नव्हतं.

लग्न जवळ आलं तसं पुन्हा मीनाक्षीअम्मांकडे जाणं झालं. व्यायाम चालू आहे का, असं त्यांनी विचारलं.

"एका दिवसाचा खाडा नाही," जनकोजीराव छाती काढून म्हणाले. ते खरंच होतं.

करून दाखवा म्हटल्यावर पंचाईत झाली. ते आडवे पडले, एक गुडघा अर्ध्यावर आला आणि तिथंच अडकला. सीतालक्ष्मीला ते बघवेना. ती शेजारच्या बाकावर पडली आणि सगळा व्यायाम सुरेख, संथपणे करून दाखवला. मग तिनं मोठ्या विश्वासानं संकल्पाचीही हकीकत सांगितली.

मीनाक्षीअम्मा हसल्या नाहीत. लग्न कधी आहे ते त्यांनी विचारलं आणि म्हणाल्या, "आता वेळ उरला नाही. यांनी स्वतः केलं असतं, तर बसली असती हो मुलगी मांडीवर."



लग्न थाटात झालं. सरोजा तुकोजीच्या मांडीवर बसली आणि जनकोजीराव रेशमी धोतराखाली पट्टा आवळून बाजूला खुर्चीवर बसले. मंगळसूत्र बांधताना सरोजानं हारांच्या आडून एकदा मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. नादस्वरवाल्यांनी त्याच क्षणी जोर केला म्हणून बरं, नाहीतर जनकोजीरावांचा हुंदका मांडवात ऐकू गेला असता. रोज थोडा वेळ चटईवर पडायचं होतं, बस्स. तेवढं त्यांच्यानं झालं नव्हतं, आणि हा क्षण काही पुन्हा यायचा नव्हता. वर जेवणाच्या पंगतीत तुकोजी सांगत हिंडत होता, की मुलगी हलकी आहे, काही जड गेलं नाही.

पाहुणे गेल्यावर घर रिकामं वाटू लागलं. दुपारी जनकोजीराव खुर्चीत बसून होते. सीतालक्ष्मी लग्नातला पाण्याचा पितळी हंडा आत न्यायला आली. ती गुडघ्यात बसली, हंडा पोटाशी धरला आणि सरळ उठली. तो कट्ट्यावर ठेवून ती दारात उभी राहिली. काहीतरी वेगळं दिसत होतं, पण काय ते त्यांना पटकन कळेना. मग लक्षात आलं. तिचे दोन्ही हात मोकळे होते.

"तू कमरेवर हात ठेवीत होतीस ना?" ते म्हणाले.

"आता दुखत नाही."

"कंबर? तुझी?"

"व्यायामानं बरी झाली की."

"केव्हापासून दुखत होती?"

ती थोडी विचारात पडली. "सरोजाच्या वेळेपासून."

जनकोजीराव तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्या हाताला ते राग समजत आले होते, आणि चोरून वर्तमानपत्राआड तोंड लपवत आले होते.

"मग बोलली का नाहीस?"

"एका घरात एकानं कण्हलं म्हणजे पुरे, म्हणून."

ती आत निघून गेली. जनकोजीराव खुर्चीचा आधार घेत हळूहळू उठले, कोपऱ्यातली चटई त्यांनी स्वतः पसरली, पूर्वेला उशी ठेवली आणि तांब्यातलं पाणी तळहातावर घेतलं. या वेळी नाव सीतालक्ष्मीचं घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. गोत्र म्हटलं, कारण ते त्यांचंच होतं. पुढे मात्र गाडी अडली. पाणी बोटांमधून गळून चटईवर सांडलं.

"अगं," त्यांनी ओशाळून हाक मारली, "तुझं नक्षत्र कोणतं?"

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"रोहिणी," ती आतूनच म्हणाली. "पण ते राहू द्या. तुम्ही आपले तुमच्याच नावानं करा."