हेडक्लार्क मान डोलावतात

मोबाइलबरोबर फुकट आलेले इयरफोन फेकून एक बरासा हेडफोन घ्यावा, एवढंच हेडक्लार्कांच्या मनात होतं. पण ते त्यांनी वरच्या मजल्यावरच्या डेंटिस्टांना बोलून दाखवलं आणि तिथेच घात झाला. दिवसभर ड्रिल चालवत असल्यामुळे आवाजातलं आपल्यालाच कळतं, अशी डेंटिस्टांची ठाम समजूत होती. (ऐकणारे तोंड उघडून खुर्चीत पडलेले असत, त्यामुळे ती कोणी खोडून काढली नव्हती.)

"नुसता हेडफोन?" डेंटिस्ट म्हणाले. "आणि अँप्लिफायर?"

"तो कशाला?"

डेंटिस्टांनी किडक्या दाढेकडे पाहावं तसं त्यांच्याकडे पाहिलं.

पंधरा दिवसांत मागच्या खोलीतल्या टेबलावर दोन काचेच्या नळ्यांचा अँप्लिफायर येऊन बसला. तो तापायला वीस मिनिटं लागत. तेवढा वेळ हेडक्लार्क समोर हात बांधून बसत. साहेबांच्या केबिनबाहेरसुद्धा ते इतक्या आदराने कधी बसले नव्हते.

"काय उबदार आवाज आहे!" ते बायकोला म्हणाले.

"उबदार? आवाज आहे की गोधडी?"

"अगं, गाणारी श्वास घेते तोसुद्धा ऐकू येतो!"

"आणि मी हाका मारते त्या?"

"अं?" हेडक्लार्क म्हणाले.

असे दोन महिने गेले. मग एका रविवारी सकाळी दारात टेम्पो उभा राहिला. त्यातून एक लोखंडी पलंग, तीन ट्रंका आणि सर्वांत शेवटी सासरे उतरले.

"बाबा किती दिवस आहेत?" हेडक्लार्कांनी हळूच विचारलं.

"किती दिवस म्हणजे? कायमचे! तुम्हीच नाही का 'हो' म्हणालात?"

"मी? कधी?"

"गेल्या रविवारी. बाबा न्हाणीघरात घसरून पडले, आता त्यांना एकटं ठेववत नाही, इथे आणू का, म्हणून विचारलं. तुम्ही डोळे मिटून मान डोलावलीत. मागची खोली देऊ का म्हटलं, तर आणखी जोरात डोलावलीत. आणि तुमच्या डोळ्यांत पाणी आलं हो!" बायकोने हातातली ट्रंक खाली ठेवली. "कितीतरी दिवस विचारायचा धीर होत नव्हता मला. मी सगळ्यांना फोन करून सांगितलं, असा माणूस मिळायला भाग्य लागतं."

ते पाणी व्हायोलिनचं होतं, हे सांगायला हेडक्लार्कांनी तोंड उघडलं. पण बायकोचा चेहरा पाहून ते मिटलं आणि मुकाट्याने पलंगाचं एक टोक उचललं.

सासऱ्यांनी बॉयलरच्या कारखान्यात उभा जन्म काढला होता. त्यांच्या कानांनी त्यांच्या आधीच निवृत्ती घेतली होती. चौथ्या दिवशी हेडक्लार्क ऑफिसातून आले तर सासरे त्यांच्या खुर्चीत, हेडफोन सासऱ्यांच्या डोक्यावर, आणि अँप्लिफायरचं बटण शेवटपर्यंत पिळलेलं.

"अहो बाबा, नळ्या उडतील!"

सासऱ्यांना ते ऐकू गेलं नाही. त्यांच्या सुरकुतलेल्या गालांवरून धारा लागल्या होत्या. "पोरी," ते खोलीभर ओरडले, "वाद्यं वाजतायत गं! सगळी वाजतायत!" बायको दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती. हेडक्लार्कांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

त्या दिवसापासून यंत्र सासऱ्यांचं झालं. हेडक्लार्कांच्या हाती उरलं फक्त मार्गदर्शन. रोज संध्याकाळी ते यंत्र बंद करवत आणि उबदार आवाज म्हणजे काय, हे सासऱ्यांच्या कानाशी ओरडून तासभर समजावत. खालच्या मजल्यावरच्यांनासुद्धा ते पाठ झालं.

एकदा डेंटिस्ट आले. हेडक्लार्क खेदाने म्हणाले, "वापरतात बिचारे, पण त्यांना त्यातलं काय कळणार? विचारून बघा."

डेंटिस्टांनी सासऱ्यांचा एक कान मोकळा केला आणि ओरडून विचारलं, "बाबा, यंत्राने काही फरक पडतो का?"

"तर! मोठा फरक!" सासरे म्हणाले. "चालू असलं की गाणं ऐकू येतं, बंद केलं की जावईबापू. मी आपलं चालूच ठेवतो."

डेंटिस्ट हेडक्लार्कांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "याला म्हणतात कान!"