नूतनीकरणाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ

कानांच्या डॉक्टरांनी (म्हणजे खरं तर ऑडिओलॉजिस्टनी, पण हा शब्द बावीस वर्षांत त्यांच्या सासूबाईंनाही जमला नव्हता) ठरवलं, व्हिडिओ घरीच उरकून टाकू. झालं, तिथेच माशी शिंकली.

नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी यायचं. फॉर्म भरा, शिक्का घ्या, सुटलात. या वेळी नोंदणी देणाऱ्या परिषदेनं नवंच खूळ काढलं होतं: रुग्णाला कानातलं मशीन कसं वापरायचं हे समजावतानाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ पाठवा. समोरच्याचं पूर्ण ऐकून घेता की नाही, ते तपासणार होते. आज सहाच्या आत गेला नाही तर उद्यापासून दवाखान्याला कुलूप. आणि रुग्ण तर कॅमेरा म्हटलं की पसार! डॉक्टर महिनाभर त्यांच्या विनवण्या करून पार थकले होते.

घरात मात्र एक हक्काचा रुग्ण होता, वडील. मुलानं बसवून दिलेलं मशीन त्यांनी वर्षभर ड्रॉवरमध्ये जपून ठेवलं होतं.

डॉक्टरांनी मोबाइल पुस्तकांना टेकवून उभा केला आणि नातेवाईक म्हणून बायकोला शेजारी बसवलं.

"बाबा, हे मशीन—"

"त्यात ना, एक—"

"आधी मी सांगतो ते ऐका."

"अरे, पण—"

"बाबा, मध्ये बोलू नका, रेकॉर्डिंग चालू आहे!"

बायकोनं नवऱ्याला हातानंच गप्प केलं आणि खुर्ची पुढे ओढली. "बाबा, काय होतं घातल्यावर?"

मग ती नुसती त्यांच्याकडे बघत बसली. बाबा बोलत राहिले. भांडी वाजली की डोक्यात घण पडतात. नळ सोडला तरी दचकायला होतं. बटण बोटाला सापडत नाही. मुलाला सांगायला जावं, तर तो माहितीपत्रक हातात देतो.

"मग आठ दिवस फक्त तुमच्या खोलीत घाला," ती म्हणाली. "दार लावून, रोज एक तास. चालेल?"

बाबांनी मशीन कानात घातलं. डॉक्टरांना भरून आलं, आणि खरं सांगायचं तर स्वतःची लाजही वाटली. तेवढ्यात घड्याळ दिसलं. पावणेसहा.

"बाबा, परत एकदा घेऊ या? या वेळी मी बोलतो."

"माझं सांगून झालंय सगळं," म्हणत बाबा मशीनसकट खोलीत गेले.

व्हिडिओ तसाच गेला. (त्यात डॉक्टर एकूण चाळीस सेकंद, तेही ओरडताना.)

आठवडाभरानं पत्र आलं. बायकोनं फोडून मोठ्यानं वाचलं, "समुपदेशन उत्कृष्ट. नूतनीकरण मंजूर. मात्र अर्जावर चुकून नातेवाईकाचा फोटो लागला आहे. मॅडमनी स्वतःचा पाठवावा."

डॉक्टर मटकन खुर्चीत बसले. "आणखी काही?"

"ताजा कलम. सोबतच्या गृहस्थांना समोरच्याचं बोलणं ऐकू येत नसावं. त्यांचीही तपासणी करून घ्यावी."

बंद दारामागून, मशीन घालून बसलेल्या बाबांचा आवाज आला, "मी वर्षभर दुसरं काय सांगतोय?"