हिरेमठ सरांचं ‘पुन्हा लिही’

हिरेमठ सर बसत नाहीत. ते एकटेच आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, म्हणून हे मी अधिकाराने सांगते. सकाळी सातपासून त्यांच्या चपला माझ्या डोक्यावर फटक फटक चालू असतात. जन्मभर बाकांमधून फेऱ्या मारत मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर निबंधाचा ऑनलाइन वर्ग काढला, तरी फेऱ्या आहेतच. मोबाइल हातात, त्यामुळे मुलांना कधी सरांचं नाक दिसतं, कधी पंखा, कधी वाळत घातलेला टॉवेल.

“सर, एका जागी बसा की हो! पोरांना गरगरत असेल.”

“ताई, मी बसलो की डोकंपण बसतंय बघा.”



वर्गाचं कौतुक मात्र किती! “अकलूजची पोरं, कुंभारीची पोरं, सगळी माझ्या हॉलमध्ये! आणि ती वळसंगची गिरिजा. तोंडातनं शब्द फुटत नाही, पण लिहिती लई झकास. शाळेत असती तर मागच्या बाकावर हरवली असती की.”

मग गिरिजाचे निबंध यायचे बंद झाले. आठवडा गेला, दोन गेले. चपलांचा वेग दुप्पट. शेवटी वैतागून मीच वर गेले.

“तिला शेरा काय दिला होता?”

“‘पुन्हा लिही’. शेवटच्या तिन्ही निबंधांवर!” सर अभिमानाने म्हणाले.

मी डोक्याला हात लावला. सर ‘पुन्हा लिही’ फक्त उत्तम निबंधावर लिहितात, हे त्यांच्या शाळेतल्या पोरांना ठाऊक. कारण सोबत खिशातला शेंगदाण्याचा लाडू मिळायचा. मोबाइलवरून शेरा गेला, लाडू इथेच राहिला.

“अहो, तिला वाटलं असेल, आपल्याला जमतच नाही!”

सरांचा चेहरा पडला. “अय्यो! पोरीचं लिहिणं मीच बंद पाडलं की हो.” लाडवाचा डबा उचलून ते जिना उतरूही लागले. एकट्याने कुठे भरकटतील म्हणून मी मागे.

एसटीत निम्म्या सीट रिकाम्या, तरी गृहस्थ वळसंगपर्यंत उभे.

विचारत विचारत घर सापडलं. गिरिजा दारात ज्वारी निवडत होती. सरांनी डबाच पुढे केला. “बाळ, मला लई आवडलं म्हणून पुन्हा लिही म्हणलं. तेवढं सांगायचंच राहिलं बघ. चुकलं माझं.”

ती आत पळाली, वही घेऊन आली. “तिन्ही निबंध पुन्यांदा लिवलेत, सर. धाडायला भ्या वाटलं.”

सरांनी वही उघडली आणि पायरीवर चक्क बसले. एक पान, दुसरं पान. डोळे पुसले, पुन्हा पहिल्या ओळीवर गेले.

“सर, एसटी निघेल,” मी म्हणाले.

“जाऊ दे,” सर बसल्या बसल्याच म्हणाले.